बाभळीची राख

काशीहून आल्यापासून लोक विचारतात, काय काय पाहिलं? मी देऊळ सांगते, घाट सांगते, सारनाथ सांगते. मग हमखास कुणीतरी म्हणतं, पुण्यवान आहेस बाई, म्हाताऱ्या आईला काशी घडवलीस. तिथे मी विषय बदलते. आईला मी काशी घडवली नाही. तीच मला घेऊन गेली होती, आणि कशासाठी ते मला अर्ध्याहून जास्त वाट संपल्यावर कळलं.

मी नारायणगावात बायकांना शिवण शिकवते. माहेर पिंपळवंडीचं, कुकडीच्या अंगाला मळा. आई तिथे माझ्या भावाजवळ राहते. ऐन लग्नसराईत तिचा फोन आला, की आळेफाट्यावरून काशीची गाडी चाललीय आणि तिने दोन शिटं सांगून ठेवलीत, एक तिचं, एक माझं. माझ्याकडे ब्लाउजांचे गठ्ठे पडलेले. मी वैतागले. वहिनीला ने म्हटलं, तर म्हणाली वहिनी नको. भावाला ने म्हटलं, तर म्हणाली त्याला तर नकोच नको. आईने आजवर माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं, म्हणून चडफडत का होईना, निघाले.

आमचे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, जाऊन तेव्हा तीन वर्षं होत आली होती. नाना एक नंबरचे हट्टी. आख्खी भावकी काशी करून आली. आल्यावर गंगेच्या तांब्याची पूजा आणि गावजेवण, ज्याला आमच्याकडे मावंदं म्हणतात, तेही सगळ्यांनी दणक्यात घातलं. नाना प्रत्येकाच्या मांडवात जेवून यायचे, स्वतः मात्र कधी हलले नाहीत. आई दर वर्षी विषय काढायची आणि ते दर वर्षी म्हणायचे, औंदा कांदा निघू दे. कांदा दर वर्षी निघतच होता, त्याला काय धाड भरली होती.

एकदा ते कुणाच्या तरी दहाव्याला कुकडीच्या कडेला गेले. तिथल्या साचलेल्या पाण्यात कुजके हार, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि राखेची साय पाहून आले आणि ओट्यावर बसून त्यांनी जाहीर केलं, "मला त्या डबक्यात टाकू नका. आपल्याच बांधाला खड्डा घ्या, आन वर आंबा लावा." हल्ली आमच्याकडे पुष्कळ जण असं करतात. कीर्तनात सांगतात, फ्लेक्सवर लिहितात, सावडायच्या दिवशी रोप लावतानाचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो. चांगलंच आहे ते. माझाही त्याला विरोध नव्हता, आजही नाही.

भावाने नानांचा शब्द तंतोतंत पाळला. नानांना मळ्यातच अग्नी दिला होता. तिसऱ्या दिवशी अस्थी आणि राख बांधावरच्या खड्ड्यात गेली, वर केशर आंब्याचं रोप लागलं. त्या दिवशी आईला कुणी काही विचारलं नाही. आमच्याकडे अशा वेळी बाईला विचारायची पद्धतच नाही, तिला फक्त धरून बसायचं असतं. ते रोप पहिल्याच उन्हाळ्यात जळालं. भावाने दुसरं आणलं, तेही पिवळं पडून गेलं. भाऊ म्हणाला, कालव्याचं पाणी मुरून मुरून तो बांध खारवून चोपण झालाय, मुळ्या कुजतात. खरं आहे, त्या कडेचा ऊससुद्धा खुरटाच असतो. पण आईच्या मनाने वेगळंच घेतलं. नाना तिथे राहत नाहीत, असं तिला वाटायला लागलं. मग कुठे आहेत, ते तिला कळेना. संध्याकाळी धारा काढून झाल्या की ती त्या बांधाकडे नुसती बघत उभी राहायची, हे मला वहिनी सांगायची.

यात्रेची गाडी म्हणजे वर माणसं आणि खाली डिकीत संसार. गॅसच्या टाक्या, पिठाची पोती, तेलाचे डबे, बसायच्या ताडपत्र्या, हंड्याएवढी पातेली. सोबत एक आचारी. अशा गाडीत पैसे भरून नुसतं बसायचं नसतं. बायकांनी भाजी निवडायची, चपात्या लाटायच्या, भांड्यांना हात लावायचा. त्याला सेवा म्हणायचं, म्हणजे कुणी कुरकुर करत नाही. मी केली, पण मनातल्या मनात.

आमच्या पुढच्या शिटावर आंबेगाव तालुक्यातल्या लोणीच्या एक आक्का होत्या. वयाने आईएवढ्याच. घरी पूर्वी मेंढरांचा मोठा कळप, वर्षातले आठ महिने नवऱ्यामागे रानोमाळ हिंडण्यात गेलेले. आता नवरा नाही, मेंढरं उरली ती चारदोन, पोरं जेसीबी चालवतात. चालून चालून आक्कांचे गुडघे कामातून गेले होते. सारखी मिस्री लावायच्या आणि सारख्या बोलायच्या. आई एरवी कुणाशी चटकन बोलत नाही, पण आक्कांशी तिचं पहिल्याच दिवशी जमलं. आक्कांची एकच तक्रार होती, आचाऱ्याच्या साबणाची. म्हणायच्या, साबणाने घासलेल्या पातेल्यातल्या भाताला वास मारतो. रानात असताना आम्ही चुलीतल्या राखेने भांडी घासायचो, तोंड दिसायचं त्यात. कुठेही गाडी थांबली की चूल शोधायच्या. हल्ली ढाब्यावरसुद्धा सगळीकडे गॅस, त्यांना राख कुठून मिळणार.

रेव्याच्या अलीकडे गाडीचा टायर बसला. भर उन्हात सगळे उतरून झाडाखाली गेले. ड्रायव्हर जादाचा टायर काढायला डिकी उपसायला लागला, तशी आई सावली सोडून त्याच्यामागे जाऊन उभी राहिली. त्याने टायर ओढल्यावर तिने वाकून टायरच्या मागून एक प्लॅस्टिकची बरणी काढली आणि ती अंगापासून लांब धरून बाजूच्या लिंबाखाली जाऊन थांबली. मी गेले. विचारलं, लोणचं आणलंयस का? तर म्हणाली, "नाना हायेत."

मला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं. सावडायच्या दिवशी पहाटे, कुणी उठायच्या आत, ती चितेपाशी गेली होती. हाडांना हात लावला नाही, कडेची मऊ राख तेवढी पदरात घेतली. ती या बरणीत भरली. मेलेल्या माणसाची राख घरात आणत नाहीत, म्हणून तिने ती गोठ्यामागच्या बाभळीला टांगून ठेवली, तीन वर्षं. भावाला वाटायचं, मिरचीचं बी ठेवलंय. काशीला नेऊन गंगेत सोडायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं, आणि ते भावाला सांगायची सोय नव्हती, कारण त्याने बापाचा शब्द पाळला होता.

मला राग आला. मी म्हटलं, नानांनी स्पष्ट सांगितलं होतं ना, मग हे काय? ती म्हणाली की नानांनी कुकडीच्या डबक्याला नको म्हटलं होतं, गंगेला नव्हे. हे काही खरं नव्हतं आणि ते तिलाही ठाऊक होतं. म्हणून मग खरं ते बोलली.

"जल्मभर त्यांच्या मनासारखं झालं. मेल्यावर बी त्यांच्याच मनासारखं झालं. त्यातलं मूठभर माझं."

बरणी माझ्या बॅगेत ठेवू म्हटलं, तर तयार झाली नाही. बॅगेत खायचं असतं, देवाचा फोटो असतो, आणि बॅग रात्री धर्मशाळेत छपराखाली जाते. तिथे हे चालत नाही. डिकीतला टायरमागचा कोपराच बरा, तिथे ना देव ना खायचं. पंक्चर झालेला टायर डिकीत गेल्यावर तिने बरणी परत त्याच्यामागे नीट दाबून ठेवली. पुढच्या गावात पंक्चर काढायला तोच टायर पुन्हा उतरवला, तेव्हा आम्ही चहाला गेलो होतो. आल्यावर डिकी बंद दिसली. सामान परत कुणी कसं भरलं, ते आम्ही पाहिलं नाही.

काशीत मोठ्या गाड्या आत सोडत नाहीत. शहराबाहेरच्या एका मैदानात आमची गाडी लागली. शेजारी धर्मशाळेचा हॉल, मैदानात आचाऱ्याची ताडपत्री. पहिला दिवस फिरायचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे होडीतून गंगा, असं ठरलं होतं. आक्का आल्या नाहीत. गुडघे बघून आमच्या यात्रावाल्यानेच सांगितलं की आत लई चालायचंय. त्या हिरमुसल्या. आईला म्हणाल्या, "मला देवापत्तुर जाववत न्हाई. मी हितंच भांडी घासते ताई. तेवढंच देवाला पावल." आईने त्यांच्यासाठी प्रसाद आणायचं कबूल केलं आणि आम्ही रिक्षात बसलो.

काशी मला आवडली नाही, हे आधीच सांगून टाकते. मोबाइल, पर्स, पेन, सगळं लॉकरमध्ये ठेवायचं. संगमरवरी अंगण तापलेलं, पायाला चटके. रांग इतकी वळणं घेते की आपण पुढे चाललोय की मागे, कळत नाही. शेवटी पिंडीपाशी पोचलो तर एका पोलिसाने खांद्याला धरून असं पुढे सारलं की मला देव दिसलाच नाही, समोरच्या बाईचा अंबाडा दिसला. आईला विचारलं, दिसला का? ती म्हणाली, पाणी दिसलं. बाहेर आल्यावर आमच्यासोबतच्या गाइडने दर्शन बहुत अच्छा हुआ असं आपल्या वतीने जाहीर केलं आणि आम्हाला साड्यांच्या दुकानात नेऊन बसवलं. आमच्या गाडीतल्या निमगाव सावाच्या बायकांनी तिथे गाद्यांवर बसून निम्मं दुकान उलगडायला लावलं. मला शिवणातलं कळतं, म्हणून त्या प्रत्येक साडी माझ्यापुढे करत होत्या. सगळं मशीनचं होतं. मी सांगितलं, तर दुकानदार माझ्याकडे बघायचाच थांबला.

सारनाथला ऊन रणरणत होतं. लांबच लांब हिरवळ, मोठा विटांचा स्तूप, आणि सावलीत झोपलेली कुत्री. तिथे निदान शांत होतं, पण आई सारखी विचारत होती की नदीवर कधी जायचं. गाइड तिला सारखं अभी माताजी, अभी म्हणत राहिला.

उतरत्या उन्हात आम्हाला मणिकर्णिकेला नेलं, पायऱ्यांच्या वरून बघायला. चिता जळतच होत्या, एकीशेजारी एक. लाकडांचे ढीग घरांएवढे. तराजूवर लाकूड मापून देत होते आणि मागे रांगेत तिरड्या थांबलेल्या. खाली पाण्यात होड्या येत होत्या, त्यांतले लोक मोबाइल वर धरून चितांचे व्हिडिओ काढत होते. धुराने माझे डोळे चुरचुरले. अगदी पाण्यालगत दोन माणसं टोपल्यांनी राखेचा गाळ चाळत उभी होती. दागिन्याचा एखादा कण सापडतो, असं गाइडने सांगितलं. मला वाटलं, आई हे बघून हबकेल. पण आई पायरीवर टेकली आणि बघतच राहिली. किती तरी दिवसांनी तिचा चेहरा असा निवांत दिसत होता. तिने गाइडला विचारलं, या राखेचं पुढे काय होतं? तो म्हणाला, सब गंगाजी में. तिने मान हलवली.

"बघ, हितं कुणी एकटं न्हाई," मला म्हणाली. "उद्या त्ये बी हितं."

मी तिच्या शेजारी बसले. माझा राग तिथे गेला. रेव्यापासून मी तिच्याशी तुटक बोलत होते, ते थांबवलं.

आरती बघून मैदानात परतलो, तेव्हा सगळ्यांच्या पोटात कावळे कोकलत होते. आचाऱ्याने वरणभात आणि वांग्याची भाजी केली होती. भाताचं मोठं पातेलं दिव्याखाली लखलखत होतं आणि आचारी आक्कांचं कौतुक करत होता, की या पातेल्याचं असं रूप आपण विकत घेतल्यापासून पाहिलं नव्हतं. आक्का लाजून हसत होत्या. आईने त्यांना प्रसाद दिला, दोघी शेजारी बसून जेवल्या. आईने दोनदा भात घेतला. मी तिला तीन वर्षांत असं पोटभर जेवताना पाहिलं नव्हतं आणि मला फार बरं वाटलं होतं.

सकाळी तांबडं फुटायच्या सुमाराला सगळे आवरून रिक्षांची वाट बघत उभे होते. आई मला घेऊन डिकीपाशी गेली. टायरमागे हात घातला, बरणी नव्हती. आणखी आत चाचपलं. मी मोबाइलचा उजेड धरला. टायर, जॅक, एक फाटकं पोतं, एवढंच. आई डिकीत निम्मी शिरून शोधत होती. मी वळले तर ताडपत्रीवर घासलेली भांडी उपडी घातलेली दिसली. पातेली, झारे, वाढण्या, आणि त्यांच्या कडेला, स्वच्छ धुऊन, उपडी ठेवलेली बरणी. झाकण बाजूला वाळत होतं.

मी आईला हाक मारली नाही. पण तिने पाहिलं.

आक्का तिथेच आचाऱ्याच्या गॅसपाशी चहा घेत बसल्या होत्या. आमच्याकडे बघून त्यांचा चेहरा खुलला.

"ती बरणी तुमची व्हय, ताई? पातेल्यांच्या पोत्यात घावली मला. मी म्हनलं, कोन शहानी बाई राख घिऊन आलीया भांड्यास्नी. लई ब्येस राख व्हती. मऊ. कसली वो, बाभळीची का?"

मी आईचा दंड धरला होता. मी तोंड उघडलं, तशी तिने माझा हात इतक्या जोरात दाबला की नखं रुतली.

"व्हय," आई म्हणाली. "बाभळीची. घरचीच."

"समदी संपली बगा. तुमाला लागनार व्हती का?"

"न्हाई," आई म्हणाली. "भांड्यालाच व्हती."

आक्कांनी तिला चहा दिला. आईने तो घेतला आणि उभ्या उभ्या प्यायली.

मी तिला गाडीमागे ओढून नेलं. रात्री त्या पातेल्यातला भात आख्ख्या बसने खाल्ला होता, मी खाल्ला होता, तिने दोनदा मागून घेतला होता. मी म्हटलं, आक्कांना सांगायला पाहिजे. आई म्हणाली, नाही. मी म्हटलं, निदान यात्रावाल्याला तरी. ती अगदी हळू आवाजात म्हणाली.

"तिला देवापत्तुर जाता आलं न्हाई. तिनं भांडी घासली, ती बी देवाची म्हून घासली. मी तिला काय सांगू? तू माझा नवरा घासलास म्हून सांगू?"

मग मीच रडले. ती रडली नाही. मी भांडी घासायची जागा शोधून काढली, मैदानाच्या टोकाला, नळाजवळ. चिखल, शितं, द्रोण, त्यातून गेलेले टायरचे माग. पाणी एका उघड्या गटारात उतरत होतं. करड्या रंगाचं असं तिथे काही उरलं नव्हतं. आई माझ्यामागून येऊन उभी राहिली होती. मी तिला म्हटलं, हे गटार पुढे नाल्याला मिळत असेल आणि नाला गंगेलाच जातो. मला तेवढंच सुचलं.

"गटारानं घालवायचं असतं, तर हितवर कशाला आणलं असतं," ती म्हणाली आणि रिक्षाकडे चालायला लागली. वाकून तिने ती रिकामी बरणी तेवढी उचलून घेतली.

होडीत आम्ही दाटीवाटीने बसलो. सूर्य उगवला, सगळ्यांनी हात जोडले, फोटो काढले. पाण्यावर झेंडूची फुलं आणि तेलाचा तवंग होता. होडीवाला एकेका घाटाचं नाव आणि कुठल्या राजाने बांधला ते पाठ म्हणत होता. पिवळ्या, तांबड्या, उंचच उंच भिंती, छत्र्या, पायऱ्यांवर उघडीबोडकी अंघोळ करणारी माणसं. जे बघायला लोक इतक्या लांबून येतात, ते सगळं माझ्यासमोरून गेलं आणि मी आईच्या हातांकडे बघत होते. मणिकर्णिका आली. तिने बरणीचं झाकण काढलं, होडीच्या कडेवरून वाकली आणि बरणी पाण्यात बुडवून धरली. बुडबुडे यायचे थांबले तरी बाहेर काढेना. होडीवाला ओरडला, माताजी, झुकिए मत. मी तिच्या कमरेला हात घातला. तिने बरणी काढली, आतून बोटं फिरवून ते पाणी नदीत ओतलं, परत भरली, परत ओतलं. त्या पाण्यात काही नव्हतं. आक्कांनी घासूनपुसून धुतलेली बरणी होती ती.

शेजारच्या बाईने तिला विचारलं, मावंद्याला पाणी न्यायचंय का? आई म्हणाली, न्हाई.

परतीच्या वाटेवर आई खिडकीकडे तोंड करून बसायची. रडेल, चिडेल, मला काही बोलेल, अशी मी वाट बघत होते. जबलपूरच्या पुढे दुपारच्या जेवणाला गाडी थांबली. जेवणं झाल्यावर बघते, तर आई नळापाशी बसून भाताचं पातेलं घासत होती. संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे झाले, तेव्हाही तीच. बाकी भांडी कुणीही घ्या, भाताच्या पातेल्याला ती दुसऱ्या बाईचा हात लागू देत नव्हती. आक्का चिडवायला लागल्या, "ताई, समदं पुण्य एकट्याच नेताय व्हय?" आई त्यांच्याकडे बघून हसायची. आक्कांशी ती शेवटपर्यंत नीट वागली, हे मला सांगायलाच हवं. मला नसतं जमलं. मी त्या दोन दिवसांत आक्कांच्या शिटाकडे बघायचंसुद्धा टाळलं, त्यांचा काही दोष नव्हता तरी.

नाशिकच्या अलीकडे शेवटचं जेवण झालं. सगळे गाडीत जाऊन बसले, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि आई अजून पातेल्यापाशीच. घासणी बाजूला पडली होती. तिने कोपरापर्यंत हात आत घातला होता आणि तळव्याने पातेल्याचा तळ चोळत होती, सावकाश, कडेकडेने. मी म्हटलं, आई, झालंय स्वच्छ, ठेव आता.

"हाताला काय लागतंय का बघतीय," ती म्हणाली.

मी तिच्याजवळ उकिडवी बसले. हॉर्न वाजत राहिला.

आळेफाट्याला गाडी पोचली. ज्याला त्याला न्यायला माणसं आली होती. आक्का आईच्या गळ्यात पडल्या, लोणीला यायचं वचन घेतलं आणि पोराच्या जीपमध्ये बसून गेल्या. आमचा भाऊ यायचा होता. आचारी डिकीतलं सामान खाली काढून मोजून परत लावत होता. आई त्याच्याजवळ गेली आणि तिने विचारलं, भाताचं पातेलं इकत द्याल का? आचाऱ्याला वाटलं, आजी चेष्टा करतेय. म्हणाला, आजी, त्याचं बूड गेलंय, दोनदा डाग दिलाय, घरी न्यायच्या लायकीचं राहिलं नाही ते. हवं तर नारायणगावच्या बाजारातून चांगलं जाड बुडाचं आणून देतो.

"नगं," आई म्हणाली. "नव्याचं काय करू मी?"

तो पातेलं उचलून आत ठेवायला लागला. आईने विचारलं, आता कुठं निघाली गाडी? तो म्हणाला, दोन दिवसांनी रामेश्वर, तिथून कन्याकुमारी, मग तिरुपती. आई पातेल्याकडे तोंड करून उभी राहिली. मग तिने डोक्यावरून पदर नीट घेतला.

"बरं," ती म्हणाली. "जावा मग."

आचाऱ्याला वाटलं, त्यालाच म्हणतेय. येतो आजी, म्हणाला आणि त्याने डिकी लावून घेतली.